गॉजवाले सर

खैरनार सरांना गॉजची घडी कधीच नीट घालता आली नाही. दीड वर्ष आमच्याबरोबर बसून घालत होते, पण नाही म्हणजे नाही. गॉजचा, म्हणजे ड्रेसिंगच्या जाळीदार कापडाचा, तुकडा दुमडताना कापलेली कड आत घ्यायची असते, म्हणजे सुटे धागे जखमेत जात नाहीत. एवढी साधी गोष्ट. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुली दोन दिवसांत शिकतात. सरांच्या घडीतून मात्र चारी बाजूंनी धागे डोकावत असायचे. आमच्या इनचार्ज गांगुर्डे सिस्टर त्यांच्यासमोरच त्या घड्या उलगडून पुन्हा घालायच्या आणि म्हणायच्या, "सर, तुमच्या गॉजने बरा होत आलेला पेशंट परत आजारी पडेल." सर मान डोलवायचे, "खरंय, खरंय" म्हणायचे आणि पुढचा तुकडा तितकाच वाकडा दुमडायचे.

सर डॉक्टर नव्हते, ब्रदर नव्हते, फार्मासिस्टही नव्हते. ते समुपदेशक होते. कोरोनाची दुसरी लाट ओसरली, वॉर्ड धुऊन पुसून पुन्हा नेहमीचे झाले, आणि तेव्हा कुठे वरच्या मजल्यावरच्या साहेबांच्या लक्षात आलं, की पेशंट घरी गेले तरी स्टाफ अजून ठीक नाही. कोणी ड्यूटीवर यायच्या आधी फाटकाशी उलटी करत होतं, कोणी लिफ्टमध्ये चढत नव्हतं. मग नोटीस बोर्डावर कागद लागला, की कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशन सुरू झालंय, इच्छुकांनी अमुक खोलीत भेटावं. त्या खोलीत खैरनार सर बसले. मूळचे सटाण्याकडचे, साठी ओलांडलेले, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. आयुष्यभर हेच काम करून रिटायर झाले होते आणि नाशिकरोडहून रोज स्कूटरवर यायचे.

खोली होती मानसिक आजारांच्या ओपीडीला लागून. म्हणजे झालंच. तिथल्या बाकावर कोणी टेकलेलं दिसलं, की अर्ध्या तासात कॅन्टीनपर्यंत बातमी. आमचे भोये मामा, पेठकडचे, वॉर्डातले सगळ्यात जुने वॉर्डबॉय, त्यांनी तर जाहीरच करून टाकलं, "आपल्या कागदावर डोक्याचा आजार लागला तर कामावर ठेवतील का? मी नाय जायचा." मामा गेले नाहीत म्हणून मावश्या गेल्या नाहीत, मावश्या गेल्या नाहीत म्हणून आम्ही गेलो नाही. महिनाभर सर एकटेच पंख्याखाली बसून पेपर वाचत होते. जाता-येता डोकावून बघायचे मी. मला वाटायचं, बरी नोकरी आहे या माणसाची.

मग वरून हुकूम आला, सगळ्यांनी एकदा तरी जायचंच. सकाळची पाळी सुटल्यावर वीसेक जणांना लेक्चर हॉलमध्ये बसवलं. सरांनी मऊ आवाजात सांगितलं, "डोळे मिटा. आता दीर्घ श्वास घ्या. आत... धरून ठेवा... हळू सोडा." जगात कुठेही चालणारी गोष्ट आहे ही. आमच्यासमोर मात्र बोलायला नको होती. दुसऱ्या की तिसऱ्या श्वासाला एक ज्युनिअर सिस्टर उठून बाहेर गेली. तिच्यामागे आणखी दोघी. मागच्या रांगेतून कोणाच्या तरी हुंदक्याचा आवाज आला. सर गोंधळून आमच्याकडे बघायला लागले. शेवटी गांगुर्डे सिस्टर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "सर, हे वाक्य आम्ही म्हणायचो. दिवसभर. काका, दीर्घ श्वास घ्या. आजी, अजून थोडा घ्या. ज्यांना म्हणायचो त्यातले किती जण घरी गेले ते विचारा आम्हाला."

सरांचा चेहरा मला अजून दिसतो. त्यांनी सारवासारव केली नाही. "हे मला सुचायला हवं होतं," एवढंच म्हणाले आणि हातातला कागद घडी करून पिशवीत टाकला. आम्ही उठून चहाला गेलो. मला वाटलं, गेला हा माणूस, आता काही परत यायचा नाही.

दोन दिवसांनी दुपारी ते ड्रेसिंगच्या खोलीच्या दारात उभे. या खोलीत आम्ही मोकळ्या वेळात मोठ्या टेबलाभोवती बसतो, गॉजचं ठाण कापतो, घड्या घालतो, ड्रम भरतो आणि ते ड्रम निर्जंतुक करायला पाठवतो. सर म्हणाले, "मला काहीतरी काम द्या. नुसतं बसवत नाही." गांगुर्डे सिस्टरांनी वरपासून खालपर्यंत बघितलं, हात धुऊन यायला सांगितलं आणि एक गठ्ठा पुढे सरकवला. त्या दिवशी त्यांनी कोणालाही काही विचारलं नाही. पुढच्या दिवशीही नाही. आठवड्याभरात त्यांचं नाव गॉजवाले सर पडलं. हे त्यांना कळलं तेव्हा ते इतके खूश झाले, की त्यांच्या तोंडून एकदम अहिराणी निघाली. "बरं शे, बरं शे!"

त्यांचं एक म्हणणं होतं. "हात रिकामे असले की माणूस तोंड सांभाळत बसतो." समोरासमोर खुर्च्या टाकून डोळ्यांत बघत बोलायला लावलं, तर आमच्यातलं कोणी चार शब्द बोललं नसतं. गॉज दुमडताना नजर गॉजवर असते. मध्ये थांबलं तरी वावगं वाटत नाही, घडी चालूच असते. त्या टेबलाशी काय काय बोललं गेलं ते मी लिहिणार नाही. ते ज्याचं त्याचं आहे. एवढं सांगते, की ज्या मुलींबरोबर मी पाच-सात वर्षं काम करत होते त्यांना मी तिथे नव्याने ओळखायला लागले. ज्यांना एकट्याने बोलायचं असायचं त्यांच्यासाठी सर चारनंतर थांबायचे. तेव्हाही टेबल तेच आणि गठ्ठाही तोच. फक्त दार आतून लावलेलं असायचं आणि दाराकडची खुर्ची कायम समोरच्याला असायची. "मध्येच उठून जावंसं वाटलं तर मला ओलांडून जायला लागू नये," म्हणायचे.

"कसं वाटतंय?" हा प्रश्न त्यांनी मला कधीच विचारला नाही. ते विचारायचे, "काल काय जेवलात?" सुरुवातीला मला वाटलं, म्हातारा खादाड दिसतोय. नंतर एकदा त्यांनीच सांगितलं, "कसं वाटतंय विचारलं की लोक बरं म्हणतात आणि विषय संपतो. जेवणाचं कोणी खोटं सांगत नाही." मी त्यांना सलग तीन दिवस सांगितलं होतं, की आठवत नाही. चौथ्या दिवशी ते डब्यात साबुदाण्याची खिचडी घेऊन आले आणि स्वतः खाता खाता अर्धी माझ्याकडे सरकवली.

भोये मामांचं मी लिहिते, कारण मामांनीच सांगितलंय, "लिवा, मला काय लाज नाय." लाटेच्या काळात मृतदेह बांधायचं काम मामांकडे होतं. पिशवीत ठेवायचं आणि चैन ओढायची. दिवसाला किती, ते मामा मोजायचे नाहीत. सगळं संपल्यावर मामांना चैन लावता येईना. स्वतःच्या जॅकेटची नाही, कसलीच नाही. थंडीत उघडं जॅकेट घालून यायचे आणि आम्ही चिडवायचो, मामा हिरो झाले म्हणून. आम्हाला काय माहीत. एक दिवस गॉज दुमडता दुमडता मामा म्हणाले, "नातीच्या दप्तराची चैन लागत नाय माझ्याच्याने. पोरगी रोज सकाळी दप्तर पुढं करते आन मी म्हनतो, तुझ्या आयकडं जा." टेबलाभोवती कोणाचा हात हलेना. सरांचा तेवढा हलत होता.

दुसऱ्या दिवशी सर एक जुनी, फाटकी बॅग घेऊन आले आणि टेबलाच्या टोकाला ठेवून दिली. आठवडाभर ती नुसती तिथे होती. मग एक दिवस त्यांनी तिची चैन हळूच अर्धी ओढली. मामा तडक बाहेर गेले, तंबाखू मळली आणि परत आले. "येता ना उद्या?" सरांनी विचारलं. मामा म्हणाले, "येतो. पन ओढायच्या आधी सांगत जा." तेव्हापासून सर सांगून ओढायचे, मग मामांना विचारून ओढायचे, मग मामा बॅग धरायचे आणि सर ओढायचे. दोन महिने हे चाललं होतं आणि आम्ही बाकीच्या आपापल्या घड्या घालत होतो. एका सकाळी मामा ट्रॉली ढकलत आले आणि मला बघून म्हणाले, "सिस्टर, लावली आज दप्तराची चैन. पोरगी म्हने, आजा, एवढी जोरात नको ओढू, तुटंल." मग ट्रॉली तशीच ढकलत एक्स-रेकडे गेले.

आता माझं सांगते.

पाळी बदलताना जाणारी नर्स येणाऱ्या नर्सला एकेका पेशंटची माहिती देते. त्याला आम्ही 'ओव्हर' देणं म्हणतो. बेडजवळ उभं राहून द्यायचा असतो. काय झालं, काय चालू आहे, काय बघायचं, हे सगळं त्यात येतं. केसपेपरवर सगळं लिहिलेलं असतंच, पण कागदावर न मावणाऱ्या गोष्टी ओव्हरमध्ये सांगतात. ओव्हर दिला की तुमची ड्यूटी संपली. मला तो संपवताच येईना. माझा ओव्हर वीस मिनिटांवरून पाऊण तासावर गेला. बसस्टॉपवरून परत यायचे, "अगं, सात नंबरला गोड चहा देऊ नका." घरी पोचल्यावर फोन करायचे, जेवताना करायचे, झोपायच्या आधी करायचे. दुपारच्या मुली माझा नंबर बघून एकमेकींकडे फोन ढकलायच्या. एकदा तर मी ड्यूटी संपूनही वॉर्डातच बसून राहिले, संध्याकाळपर्यंत. गांगुर्डे सिस्टरांनी माझा दंड धरला आणि सरळ सरांसमोर नेऊन बसवलं. म्हणाल्या, "हिचं बघा. चौदा वर्षं नोकरी झालेली नर्स आहे माझी आणि लॉकरमध्ये राजीनामा लिहून ठेवलाय हिने."

लिहिला होता, हे खरं होतं. त्याच्या मागे चौदा नंबरचा बेड होता.

लाटेत चौदा नंबरला पिंपळगाव बसवंतचे जाधव होते. कांद्याचा टेंपो चालवायचे. त्या पेशंटना पालथं झोपवावं लागायचं, तेवढाच श्वासाला आधार. जाधव दादा कोणाचं ऐकायचे नाहीत. पालथे केले की पाच मिनिटांत पुन्हा उताणे. सगळे म्हणायचे, हट्टी पेशंट आहे. मला पहिल्याच दिवशी कळलं, की हट्ट नाही, डावा खांदा दुखतो. मी खांद्याखाली उशीची घडी करून दिली, तर दोन-दोन तास पालथे राहायचे. हे कागदावर कुठे लिहिणार? मी ओव्हरमध्ये सांगायचे, पण पुढची नर्स बदलली की ते विसरलं जायचं, आणि मी आले की पुन्हा द्यायचे. नवव्या दिवशी सकाळच्या पाळीत मीच पीपीई किटमध्ये चक्कर येऊन पडले. तपासणी झाली, पॉझिटिव्ह. मला तसंच दुसऱ्या दाराने बाहेर नेलं. ओव्हर कोणी द्यायचा आणि कोणी घ्यायचा? त्या दिवशी दुपारी सगळ्या नव्या मुली होत्या, दुसऱ्या वॉर्डातून आणलेल्या. दोन दिवस मी तापात होते. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि पहिली आठवण खांद्याची झाली. वॉर्डला फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, "चौदा नंबर? ते काल सकाळीच गेले, सिस्टर."

एक वाक्य. डाव्या खांद्याखाली उशी द्या. ते मी बोलले नाही आणि माणूस गेला. हे मी सरांना सांगितलं आणि वाट बघत बसले. मला माहीत होतं ते काय म्हणणार. नवरा म्हणाला होता, आई म्हणाली होती, मैत्रिणी म्हणाल्या होत्या, यात तुझी काय चूक? तेच ऐकायची मी तयारी करून गेले होते, आणि ते ऐकून उठून यायचं ठरवून गेले होते. सर म्हणाले, "ओव्हर कसा देतात? मला शिकवा."

मला राग आला. पण शिकवायचं म्हटलं की मला राहवत नाही, तो माझा स्वभावच आहे. तीन-चार बैठका मी त्यांना ओव्हर शिकवत होते. घेणाऱ्याने काय विचारायचं, कुठे थांबवायचं, सगळं. ते गॉज दुमडत ऐकायचे आणि नेमके चुकीचे प्रश्न विचारायचे. मग एक दिवस ते टेबलाच्या पलीकडे उभे राहिले, हात मागे बांधले आणि म्हणाले, "मी दुपारच्या पाळीची सिस्टर. चौदा नंबरचा ओव्हर द्या." साठीचा माणूस, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि म्हणे सिस्टर. मी हसले. हसता हसता सुरुवात केली आणि खांद्यापाशी येऊन थांबले. पुढे बोलताच येईना. "राहू द्या. पुढच्या मंगळवारी देऊ," सर म्हणाले.

असे किती मंगळवार गेले ते आठवत नाही. दर वेळी तोच बेड, तोच पेशंट. सर दर वेळी पहिल्यांदाच ऐकतोय असं ऐकायचे आणि विचारायचे. जेवण? लघवी? नातेवाईक कोण? एकदा विचारलं, "टेंपो चालवताना गाणी म्हणतात का?" मी वैतागून म्हटलं, "असं कोणी विचारत नाही, सर." पण मला उत्तर माहीत होतं. गाणी म्हणायचे नाहीत, शिट्टी वाजवायचे, आणि मास्कमुळे वाजवता येत नाही म्हणून मला तक्रार करायचे. हे मी विसरूनच गेले होते. इतके महिने मला फक्त ते गेलेलेच आठवत होते.

मग एका मंगळवारी मी खांद्याचं वाक्य बोलले आणि थांबले नाही. पुढे बोलत गेले, की ऑक्सिजन रोज वाढवावा लागतोय, तरी सॅच्युरेशन तीन दिवस उतरतंच आहे, डॉक्टरांनी घरच्यांना कल्पना दिलीय. बोलता बोलता मलाच ते ऐकू आलं. दुसऱ्या नर्सने मला असा ओव्हर दिला असता, तर मी त्या बेडकडे कसं बघितलं असतं हे मला कळत होतं. सरांनाही कळलं असणार. तिथे दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, बघा, उशीने काही झालं नसतं. सर तसं म्हणाले नाहीत. त्यांनी विचारलं, "खांद्याचं सांगितलं असतं तर ते वाचले असते?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

"मलाही माहीत नाही," सर म्हणाले. "डॉक्टरांनाही नसेल. आज हेच घेऊन घरी जा. बसस्टॉपवरून तेवढं परत येऊ नका."

मी स्टॉपवर उभी राहिले. दोन बसेस सोडल्या. तिसरीत चढले. घरी जाऊन फोन हातात घेतला आणि नवऱ्याकडे दिला, म्हटलं सकाळपर्यंत तुझ्याकडेच ठेव. राजीनाम्याचा कागद मात्र लगेच फाडला नाही. आणखी तीन-चार महिने तो लॉकरमध्ये होता. सरांनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. एक दिवस लॉकर साफ करताना इतर रद्दीबरोबर गेला.

एका गोष्टीवरून मात्र आमचं वाजलं. जाधव दादांच्या बायकोचा, सुमनताईंचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. वॉर्डात नातेवाइकांना सोडत नव्हते, म्हणून मी माझा फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आत न्यायचे आणि व्हिडिओवर त्यांची भेट घालून द्यायचे. मी सरांना म्हटलं, मला पिंपळगावला जायचंय, त्यांना खांद्याचं सांगायचंय, माफी मागायचीय. सर एरवी कधी कोणाला सल्ला द्यायचे नाहीत. त्या दिवशी स्पष्ट म्हणाले, "जाऊ नका. तुमचं ओझं तुम्ही त्या बाईंच्या अंगणात टाकाल आणि मोकळ्या होऊन याल. त्यांनी त्याचं काय करायचं?" मी पुष्कळ वाद घातला. पण बोलणं मनाला लागलं आणि पटलंही. मी गेले नाही.

दीड वर्षाने सरांचं काम थांबवलं. आता लाट नाही, मग समुपदेशक कशाला, असा सरळ हिशोब. शेवटच्या दिवशीही ते गॉज दुमडत बसले होते. भोये मामा जॅकेटची चैन गळ्यापर्यंत लावून भेटायला आले, भर उन्हाळ्यात. मला रडू येत होतं आणि मी ते लपवलं नाही. गांगुर्डे सिस्टरांनी त्या दिवशी सरांच्या घड्या उलगडल्या नाहीत. सरांची स्कूटर फाटकाबाहेर गेल्यावर उलगडल्या.

त्यानंतर महिन्याभरात एका दुपारी माझा फोन वाजला. सुमनताईंचा होता. "तुम्ही त्याच सिस्टर ना, व्हिडिओवर दाखवायच्या? ह्यांचं दुसरं वर्षश्राद्ध हाय. लय दिवस फोन करीन म्हनत होते, धीर होत नव्हता. तुमाला येता येईल का?" सरांना विचारावं असं एकदा मनात आलं. विचारलं नाही. सुट्टीच्या दिवशी एसटीने गेले.

बाजार समितीच्या मागच्या बाजूला घर. पत्र्याच्या शेडखाली टेंपो उभा होता, आता पुतण्या चालवतो. पंगत उठल्यावर सुमनताईंनी मला आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि विचारलं, "मला सांगा, शेवटी काय खात होते? काय बोलायचे? दवाखान्यातून नुसता कागद मिळाला हो." मी काही ठरवून गेले नव्हते. पण सुरुवात केली आणि सगळं आपोआप रांगेत येत गेलं. किती मंगळवार मी तेच तर देत होते. पेज खायचे, ती आवडायची नाही पण मी उभी राहिले की खायचे. मास्कमुळे शिट्टी वाजत नाही म्हणून चिडायचे. त्या ऐकत होत्या, मध्ये मध्ये हसत होत्या. खांद्यापाशी आले आणि मला सरांचे शब्द आठवले. तरी बोलले. उशी, चक्कर, दुसरं दार, न दिलेला ओव्हर, सगळं सांगितलं. म्हटलं, "सांगितलं असतं तर काय झालं असतं, मला माहीत नाही, ताई."

सुमनताई एकदम सरळ बसल्या. "डावा खांदा ना?"

"हो."

"चांदवडच्या घाटात टेंपो उलटला होता, तवापासून दुखायचा. मी रोज उशी द्यायची. ॲम्ब्युलन्सवाल्यानं दाराशीच मला थांबवलं, तर मी मागून वरडून सांगत होते, ह्यांच्या डाव्या खांद्याखाली उशी द्या म्हनून. कुनी ऐकलं का नाय कळलंच नाय. दोन वर्सं मी तेच म्हनते, सुमन, पळत का नाय गेलीस गाडीमागं." त्यांनी माझा हात धरला. "म्हंजे दिली होती उशी?"

"दिली होती. मी होते तोवर, नऊ दिवस."

"नऊ दिवस दिली होती," त्या म्हणाल्या. मग पदर तोंडाला लावून रडल्या, आणि मीही रडले. बाहेरून कोणीतरी हाक मारत होतं, तिकडे आम्ही दोघींनीही लक्ष दिलं नाही.

पिंपळगावच्या स्टँडवरून मी सरांना फोन केला. सगळं सांगितलं, अगदी आनंदात सांगितलं. सर म्हणाले, "म्हणजे ती बाई वाट बघत होती, आणि मी तुम्हाला अडवलं." यात तुमची काय चूक, हे वाक्य माझ्या ओठावर आलं होतं. मी ते गिळलं. फोन तसाच कानाला धरून बसले. नाशिकची एक गाडी लागली, भरली आणि निघून गेली. मग सर म्हणाले, "पत्ता सांगा."

पुढच्या रविवारी संध्याकाळी सुमनताईंचा फोन आला. "तुमचे सर आले होते हो, यष्टीनं. एकटेच. दारात हात जोडून उभे राहिले. म्हने, सिस्टर आधीच येनार होत्या, मीच येऊ दिलं नाय, चूक माझी. मी म्हटलं, अहो, आत तर या, उन्हाचं आलात."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, आले, बसले. मला म्हने, तुमच्या मालकांबद्दल सांगा. मी सकाळपासनं सांगत होते. आत्ता गेले."